वकीलबाईंच्या लाल गाडीचा काटा

गाडीतल्या विजेचं काम करणाऱ्याकडे हसतमुखाने कुणी येत नाही. इंजिन बिघडलं तर माणसाला निदान कळतं की काहीतरी मोडलंय. आवाज येतो, धूर येतो, तेल गळतं. वीज बिघडली की दिसत काहीच नाही, आणि जे दिसत नाही त्याबद्दल माणूस आधी ड्रायव्हरवर, मग शेजाऱ्याच्या पोरांवर आणि शेवटी इलेक्ट्रिशियनवर संशय घेतो. पेणच्या हायवेला माझं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक बाक, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आणि खिळ्यांना टांगलेली वायरची भेंडोळी. तिथे बसून मी ब्रेक दाबला की वायपर फिरणारा मिठाचा ट्रक पाहिला, उजवीकडे वळताना डावा दिवा लावणारी जीप पाहिली. एका मासळीवाल्याच्या टेम्पोचा पेट्रोलचा काटा कायम ‘फुल’वर अडकलेला असायचा. दुरुस्त करू का म्हणून विचारलं तर म्हणाला, “ऱ्हाऊंदे रे, बगून बरा वाटतं.” असल्या गिऱ्हाइकाला काय सांगणार?

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं अवघड जाणार नाही. घरातल्या दिव्याला दोन वायरी लागतात, एक जायची आणि एक यायची. जुन्या गाड्यांत मात्र जायची वायर असते आणि परत येण्यासाठी गाडीचा पत्राच वापरतात. त्याला आम्ही अर्थ म्हणतो. दिवा, हॉर्न, काटा, प्रत्येकाला कुठेतरी त्या पत्र्याला नीट टेकावं लागतं. माझे वडील मिठागरावर काम करायचे, त्यामुळे मला हे पाण्यासारखं समजलं. भरतीचं पाणी आगरात घ्यायला उघाडी, म्हणजे बांधातलं दार, लागते तशी सोडायलाही लागते. सोडायची वाट बुजली की पाणी भलत्याच बांधावरून निघतं.

आणि खाडीकाठच्या तालुक्यात ती वाट कशाने बुजणार? मिठाने. खारा वारा पत्र्याला खातो, स्क्रूखाली गंज धरतो आणि अर्थ तुटतो. म्हणून माझा नियम होता, वायर नंतर शोध, आधी गंज शोध. पॉलिश पेपरचा एक तुकडा सदैव खिशात. दहातल्या आठ गाड्या मी त्या तुकड्यावर बऱ्या केल्या आणि त्याबद्दल लोक मला हुशार म्हणत राहिले. मीही नाही म्हणालो नाही.

ज्या गाडीने माझा हा नियम मोडीत काढला ती रोह्याच्या एका वकीलबाईंची होती.

बाईंच्या घराण्याची पूर्वी बरीच भातशेती होती. त्यांच्या पिढीपर्यंत सगळे शिकून मास्तर, डॉक्टर, वकील झाले आणि शेती कुळांकडे गेली. बाई कोर्टात काळा कोट घालून उभ्या राहिल्या की समोरचा वकील खोकायला लागायचा म्हणत. गावाबाहेरच्या केमिकल कंपनीतला एक साहेब बदली होऊन जाताना त्याची जुनी परदेशी गाडी विकून गेला, ती बाईंनी घेतली. दोन माणसांची, ठेंगणी, छत मागे दुमडणारी गाडी. पुढचं नाक लांबलचक आणि बसल्यावर बूड जवळजवळ रस्त्याला टेकतं. रोह्याच्या बाजारातून ती निघाली की भाजीवाल्या एकमेकींना म्हणायच्या, “बघ गो, वकीलबाय होडीत बसून चालल्या.”

गाडी तेव्हा रंग उडालेली आणि इंजिन थकलेली होती. बाईंनी दोन्ही कामं एकदमच काढली. इंजिन उतरवून दिलं रोह्याच्या हुसेनचाचांकडे. रंगाला गाडीचा सांगाडा आणला पेणला, नाना पेंटरकडे.

या दोघांची ओळख करून द्यायला हवी. हुसेनचाचांचं गॅरेज कुंडलिका नदीच्या पुलापासून जवळ. मी पाना कसा धरायचा हे त्यांच्याकडेच शिकलो. इंजिन चालू करून ते डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, “तिसऱ्या सिलिंडरचा वॉल बसत नाय.” उघडून बघावं तर तसंच असायचं. नाना हा माझा पेणमधला शेजारी, गणपतीच्या कारखान्यातला रंगारी. डोळ्यांची आखणी करावी तर नानानेच. वकीलबाईंच्या घरचा गणपती दरवर्षी त्याच्याच हातचा. गणपती झाले की कारखान्यात काम कमी, तेव्हा तो एखादी मोटार रंगवायला घेई. बाई त्याला म्हणाल्या होत्या, “नाना, आमच्या गणपतीच्या सोवळ्याचा लाल मला गाडीला हवा.” नानाने तो लाल दिला. मी पुष्कळ रंगवलेल्या गाड्या पाहिल्या, तसा लाल परत पाहिला नाही.

इंजिन बसलं, गाडी उभी राहिली आणि काटा बिघडला.

इंजिनातलं पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा डॅशबोर्डावर असतो. तो मध्यावर असला की सगळं ठीक, लाल पट्टीत गेला की इंजिन जळायच्या बेतात. बाईंच्या गाडीचा काटा स्टेशनपर्यंत गेलं की आळस देत उठायचा आणि लालात जाऊन बसायचा. कधी आपोआप खाली यायचा, पुन्हा चढायचा. नवीन बांधलेलं इंजिन तापतंय म्हणजे दोष कुणाचा? बांधणाऱ्याचा. चाचांनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं, नवीन पॅकिंग घातलं, बसवलं. काटा लालात. परत उघडलं. रेडिएटर साफ केला, पाण्याचा पंप बदलला. काटा लालात.

रोहा काही मोठं गाव नाही. पावसाळा लागल्यापासून हेच चाललं. चहाच्या टपरीवर माणसं म्हणू लागली की चाचाचा हात गेला. जुनी गिऱ्हाइकं गाडी पुढच्या गॅरेजला न्यायला लागली. चाचांचा मुलगा आखातात होता, तो तर केव्हापासून म्हणत होता की अब्बा, आता बस करा.

श्रावणात एक दिवस चाचा एस.टी.ने पेणला उतरले आणि माझ्या बाकावर येऊन बसले. चहा मागवला तो तसाच निवाला.

“दत्ता, बाय म्हणतात गाडी मुंबईला नेऊ. चांगल्या बोलल्या, तोडून नाय बोलल्या. पन दुसऱ्यानं माझं इंजिन खोललं आन् आत माझी चूक गावली, तं मी त्या दिवशी शटर पाडीन. मंग उघडायचा नाय.”

“चाचा, काटा बघितलाव का पन? काटाच खोटा बोलत असंल.”

“कान म्हणतो इंजिन बराबर हाय. काटा म्हणतो नाय. आता मानूस म्हातारा झाला तं कुणाचं ऐकायचं, कानाचं का काट्याचं?”

मला राग आला, खरं सांगतो. काट्याचा आला, टपरीवरच्या लोकांचा आला आणि चाचांचाही आला. हेड दोनदा उघडण्याआधी या माणसाने मला एक निरोप धाडला असता तर? पण चाचांना आपल्या हाताखाली शिकलेल्या पोराकडे जायचा संकोच वाटला असणार. दुसऱ्याच सकाळी मी पिशवी घेऊन रोह्याला गेलो.

वकीलबाईंच्या अंगणात गाडी उभी होती. बाईंच्या कोर्टाला सुट्टी होती. त्या पायरीवर बसल्या, चाचा गाडीपासून जरा लांब उभे राहिले. मी मोठ्या तोऱ्यात पॉलिश पेपर काढला आणि गंज शोधायला लागलो.

गंज नव्हता. बॅटरीची पट्टी पाहिली, चकाचक. इंजिनपासून पत्र्याला येणारी पट्टी पाहिली, ती चाचांनी स्वतः घासून बसवली होती. इंजिनात पाण्यात बुडालेला एक छोटा नग असतो, तोच काट्याला तापमान कळवतो. त्याची वायर काढली तर काटा मुकाट खाली आला, परत लावली तर चढला. नग बदलून नवा घातला, फरक शून्य. वायर हातभर हातभर चाचपली. खाडीच्या तालुक्यात इतकी स्वच्छ गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. माझा पॉलिश पेपर खिशात परत गेला आणि तोराही.

चाचांचा भाचा कंपनीत होता. तो लॅबोरेटरीतला थर्मामीटर घेऊन आला होता. इंजिन चालू ठेवून आम्ही रेडिएटरचं पाणी मोजलं तर ते ठीक होतं, आणि काटा तेव्हा लालात. मी म्हटलं, “बघा चाचा, इंजिन थंड हाय.”

चाचांनी मान हलवली. “रेडिएटर थंड आन् हेड गरम म्हंजे पाणी फिरत नाय. तो बी माझाच दोष.” ज्याने एकदा स्वतःला दोषी ठरवलं त्याला पुरावाही उलटाच दिसतो.

मग बाईंनी मला शेजारी बसवून गाडी नदीपलीकडच्या अष्टमी गावाच्या बाजूला काढली. चांगल्या रस्त्यावर काटा चढला. पुढे खड्डे लागले, गाडी आदळायला लागली, आणि काटा हळूहळू मध्यावर आला. खड्डे संपले, पुन्हा वर. तापलेलं इंजिन खड्ड्यात गार कसं होईल? म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल आहे, हादऱ्याने टेकतंय आणि सुटतंय. इतकं मला कळलं. पण कुठे ते काही कळेना. अंगणात परत आलो आणि मी बोनेटवर कोपरं टेकून नुसता उभा राहिलो.

बाई म्हणाल्या, “दत्ताराम, तुम्हाला पेणपर्यंत चालवून बघायची असेल तर आधी पेट्रोल भरून घेऊ. या गाडीचा भरवसा नाही. मागे निडी गावाला स्टेशनाजवळ बंद पडली, काटा अर्ध्याच्या वर आणि टाकीत थेंब नाही.”

“थेंब नाय?”

“कोरडी ठण्ण. कुणीतरी पेट्रोल काढलं म्हणून मी झाकणाला कुलूप लावलं. कुणावर आळ घेतला नाही हं, नुसतं कुलूप लावलं.”

“म्हंजे पेट्रोलचा काटा पन जास्ती दाखवतो?”

बाई थांबल्या. कोर्टात थांबत असतील तशा. मग म्हणाल्या, “दोन साक्षीदार वेगवेगळ्या गावचे, आणि दोघंही एकाच बाजूला, एकाच मापाने खोटं बोलतात. अशा वेळी आम्ही साक्षीदारांना विचारत बसत नाही, त्यांना पढवणारा कोण ते शोधतो.”

मी बाईंना मनातल्या मनात नमस्कार घातला आणि गाडीत उताणा शिरलो, डोकं पेडलपाशी आणि पाय बाहेर.

दोन्ही काट्यांना पढवणारी एक डबी असते. डॅशबोर्डाच्या मागे, काडेपेटीएवढी, पत्र्याची. बॅटरीचा जोर कमीजास्त होत असतो. ही डबी त्यातला नेमका जोखून तेवढाच काट्यांकडे पाठवते, म्हणजे काटे खरं सांगतात. डबीला अर्थची वेगळी वायर नसते. तिचं अंगच एका स्क्रूने गाडीच्या पत्र्याला टेकतं आणि तीच तिची परतीची वाट. ती वाट तुटली की डबी जोखायची थांबते आणि बॅटरीचा सगळा जोर काट्यांवर सोडते. मग काटे वर.

टॉर्च मारला आणि मला डबी दिसेना. दिसली तेव्हा हसू आलं. ती लाल होती. तिच्यामागचा पत्रा लाल, स्क्रूचं भोक आतून लाल, स्क्रूचं डोकंसुद्धा लाल. डॅशबोर्डाच्या मागे, जिथे गाडी भंगारात जाईपर्यंत कुणी बघत नाही, तिथे रंगाचे एकावर एक गुळगुळीत हात. कुठे ओघळ नाही, कुठे बोटाचा ठसा नाही. गंजाने नव्हे, रंगाने अर्थ तोडला होता. खड्ड्यांत डबी हादरली की स्क्रूचं टोक कुठेतरी पत्र्याला लागत असणार, तेवढाच काटा खाली. हे काम कुणाचं ते सांगायला सही लागत नव्हती. पेणचा मूर्तिकार गणपतीची पाठ कोरी ठेवत नाही. मखरात भिंतीकडे असणाऱ्या पाठीवरही तो उपरण्याची जर काढतो. नानाने डॅशबोर्ड स्वतः उतरवला होता, डबी सोडवली होती, घासली होती, आणि मूर्तीच्या पाठीसारखी रंगवून परत बसवली होती.

मी वायरचं एक टोक बॅटरीच्या अर्थला बांधलं, डबीच्या अंगावरचा रंग चाकूने जरासा खरवडून दुसरं टोक तिथे टेकवलं. “बाई, चावी द्या.”

काटा आधी लालातच होता. मग खाली यायला लागला. हे काटे झटकन पडत नाहीत, सावकाश येतात, त्यामुळे जीव अगदी टांगणीला लागतो. मध्यावर आला आणि थांबला. मी वायर काढली, काटा चढला. परत टेकवली, परत मध्यावर.

“चाचा, इकडं या. बघा.”

चाचा आले. काटा बघितला. मला म्हणाले, “परत कर.” मी परत केलं. तिसऱ्यांदाही केलं. मग ते बाईंच्या पायरीवर बसले, बाईंच्या शेजारी, जे त्यांनी एरवी कधी केलं नसतं. दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले.

“मंग माझं हेड पहिल्यापास्नं बराबर व्हतं.”

“व्हय चाचा.”

“दोनदा उगाच खोललं.” आणि ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. बाई आत गेल्या आणि चहा घेऊन बाहेर आल्या. मोलकरीण होती, पण चहा त्यांनी स्वतः आणला. मला इतकं हलकं वाटलं की मी दोन कप प्यायलो.

पण बाई वकीलच. “दोष कशाचा होता?”

आता आली पंचाईत. नाना माझ्या दाराशेजारचा. मी म्हटलं, “काय नाय, अर्थ जरा ढिला व्हता.”

“कशाने ढिला?”

मी स्क्रू शोधल्यासारखं केलं. चाचांनी कप खाली ठेवला. “दत्ता, नीट सांग त्यांना. पावसाळा लागल्यापास्नं माझं नाव बाजारात फिरलं. आता दुसऱ्याचं फिरवायचं नाय, पन लपवायचं बी नाय. नानाला त्याच्या तोंडावर सांगू. बाजारात नको.”

म्हणून आम्ही पेणला निघालो. गाडी दोघांची, त्यामुळे बाई आणि चाचा गाडीत आणि तिचा आजार शोधणारा मी एस.टी.त. माझी वायर डबीला तात्पुरती बांधलेली होती. भिसे खिंडीचा चढ ती गाडी काटा मध्यावर ठेवून चढली, हे मला पेणला पोचल्यावर चाचांनी सांगितलं. एकदा सांगितलं, चहा पिताना परत सांगितलं.

नानाचा कारखाना तेव्हा ऐन भरात. गणपती तोंडावर आलेले, दोन्ही बाजूंना अर्धवट रंगलेल्या मूर्ती, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. नानाला मी बाहेर बोलावलं. सगळं ऐकून तो तडकला.

“म्हंजे रंग चांगला लावला ह्यो माझा गुन्हा? अर्धवट लावायला पायजे व्हता?”

“तसा नाय रे नाना. त्या जागी पत्र्याला पत्रा टेकाय लागतो.”

“मूर्तीत वीज फिरत नाय, दत्त्या! मला कोनी सांगितला तवा? मी तं मागंपुढं सारखाच रंगवतो. पाठ कोरी ठेवली तं देव बगतो.”

चाचा पुढे झाले. “नाना, मी बी नाय सांगितलं. मला तरी कुठं ठावं व्हतं? तुझं काम वंगाळ असतं तं आमाला लगेच गावलं असतं. तुझं काम लय चांगलं, म्हणून अर्धा पावसाळा गेला.”

नाना चाचांकडे वळला. रोह्यात चाचांबद्दल काय बोललं जातंय ते पेणपर्यंत पोचलं होतंच. “तुमच्या हाताचं बोलत व्हते ते... ह्याच्यापायी?”

चाचांनी मान डोलावली.

नाना आत गेला आणि मूर्तीवर बारीक कोरीव काम करायची कोरणी घेऊन आला. मी पॉलिश पेपर पुढे केला, तो त्याने घेतला नाही. गाडीत उताणा शिरला. टॉर्च चाचांनी धरला. कोरणीचा खर्र खर्र आवाज येत राहिला, आणि मला तो ऐकवेना. आपल्या हाताने चढवलेला तो लाल माणूस आपल्याच हाताने काढत होता. आतून नाना म्हणाला, “टॉर्च हालवू नका, म्हातारबा.”

“हालत नाय. तुझाच डोळा हालतोय.”

“बरा. हात तं दगडासारखा हाय तुमचा.”

हे वाक्य कारखान्यातल्या सगळ्या पोरांनी ऐकलं. टपरीवर कुठली बातमी पोचवायची हे पेणमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही.

नाना बाहेर आला. मी आत डोकं घालून पाहिलं. डबीमागे रुपयाएवढं गोल उघडं पोलाद, कडा आखणीसारख्या नेमक्या. डबी आणि स्क्रूही त्याने कोरून साफ केले होते. मी थोडं व्हॅसलीन लावलं, स्क्रू आवळला, माझी वायर काढून टाकली. चावी फिरवली. काटा मध्यावर. पेट्रोलचा काटाही खरं बोलायला लागला, आणि खरं म्हणजे टाकीत फारसं नव्हतंच.

नानाने त्यानंतर मोटार रंगवायला घेतली नाही. मी दोन-तीनदा म्हटलं की रंगवायच्या आधी मी येतो, खडूने खुणा करून देतो. तो म्हणायचा, “एक जागा सोडून रंगवायचा आपल्याला नाय जमनार.” एवढी एक रुखरुख मला राहिली. आता गाडीला कॉम्प्युटर लावतात, तो दोष पडद्यावर लिहून दाखवतो आणि पोरं भराभर नग बदलतात. माझी तक्रार नाही. पण तसला लाल रंग कुठे दिसत नाही हेही खरं. हुसेनचाचांनी मात्र पुढे कितीतरी वर्षं गॅरेज चालवलं, मुलगा आखातातून परत आला तरी.

त्या दिवशी निघताना बाईंनी गाडीची किल्ली चाचांपुढे धरली. “चाचा, तुम्ही चालवा. इंजिन तुमचं आहे.”

चाचा त्या ठेंगण्या गाडीत गुडघे दुमडून बसले. इंजिन चालू केलं. सवयीने बाई पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, “काटा बघताय ना?”

“तुमी बघा बाय,” चाचा म्हणाले, “मी ऐकतोय.” आणि डोळे मिटून ते थोडा वेळ तसेच बसून राहिले.